थंडीनं पऱ्हे पिवळे पडले? युरिया टाकण्याआधी बुडखा तपासा

गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर पट्ट्यात उन्हाळी धानाचे पऱ्हे डिसेंबर-जानेवारीत टाकले जातात. विदर्भात थंडी जोर धरते तीही नेमकी याच वेळी. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरला की दोन-चार दिवसांत हिरवेगार पऱ्हे पिवळे दिसायला लागतात, वाढ थांबते, पानांचे शेंडे वाळतात. अशा वेळी बहुतेकांचा पहिला हात जातो तो युरियाच्या पिशवीकडे. काही जण तर पऱ्हे मेले समजून बांधीत पुन्हा नांगर घालतात.

दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. थंडीनं पिवळं पडलेलं प्रत्येक रोप मेलेलं नसतं. त्याच्या आत नेमकं काय बिघडलं हे समजलं, तर बराच खर्च आणि त्याहून मोलाचे पंधरा-वीस दिवस वाचू शकतात.

धानाला किती थंडी सोसते?

धान हे मुळात उष्ण आणि दमट प्रदेशातलं पीक. गहू आणि हरभरा थंडीत खुलतात, धान मात्र आखडतं. रोपाच्या प्रत्येक टप्प्याला लागणारी ऊब वेगवेगळी असते. धानाच्या शास्त्रात मानले जाणारे आकडे साधारण असे आहेत:

- बियाला मोड येण्यासाठी किमान १० अंश सेल्सिअस. चांगले मोड २० ते ३५ अंशांत येतात.
- जमिनीतून कोंब वर येण्यासाठी किमान १२ ते १३ अंश.
- रोवणीनंतर नवीन मुळं फुटण्यासाठी किमान १६ अंश.
- फुलोऱ्याच्या वेळी किमान २२ आणि जास्तीत जास्त ३५ अंश.

मोड येण्याचा आकडा सोडला, तर बाकीचे आकडे दिवस-रात्रीच्या सरासरी तापमानाचे आहेत. रात्री ८ अंश आणि दुपारी २७ अंश असेल, तर सरासरी साडेसतरा अंश होते. म्हणजे रोप मरत नाही, पण अगदी हळू वाढतं. पावसाळ्यात २१ ते २५ दिवसांत रोवणीला येणारे पऱ्हे हिवाळ्यात ३५ ते ४५ दिवस घेतात, ते यामुळेच. रात्रीची थंडी आणि त्यात दिवसभर ढग किंवा धुकं असेल, तर सरासरी आणखी खाली येते. असे चार-पाच दिवस सलग आले की खरा धोका सुरू होतो.

रात्री रोपाच्या आत काय होतं?

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली गोठते, पण जवसाचं तेल पातळच राहतं. तेल दोन्हीही आहे, फरक आहे तो आतल्या स्निग्धाच्या प्रकारात. रोपाच्या बाबतीतही असंच काहीसं घडतं.

रोप लाखो बारीक पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. पाणी, क्षार, साखर यांची ये-जा या आवरणातून चालते. थंडी वाढली की हे आवरण घट्ट होऊ लागतं. फारच घट्ट झालं तर त्याला बारीक फटी पडतात आणि पेशीतले क्षार बाहेर झिरपतात. थंडी न सोसणाऱ्या वाणाचं आवरण लवकर घट्ट होतं, म्हणजे ते खोबरेल तेलासारखं वागतं. थंडी सोसणारं वाण आवरणातल्या जवसाच्या तेलासारख्या स्निग्धाचं प्रमाण वाढवतं, त्यामुळे आवरण लवचीक राहतं.

गार चिखलात मुळंही सुस्तावतात. त्यांची पाणी ओढण्याची ताकद कमी होते. स्फुरद आणि जस्त यांसारखी अन्नद्रव्यं जमिनीत असूनही रोपाला पुरेशी मिळत नाहीत.

घाव रात्रीचा, दिसतो सकाळी

थंडीचं बरंच नुकसान रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर होतं. त्याची कारणं दोन.

पहिलं कारण पाण्याचं. सकाळी ऊन पडलं की पानातून पाण्याची वाफ होऊ लागते, पण मुळं अजून गार चिखलात असतात. वरून खर्च सुरू आणि खालून पुरवठा बंद. त्यामुळे बांधीत पाणी उभं असूनही सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पानं सुरळी होतात, शेंडे वाळतात.

दुसरं कारण उन्हाचं. पानातला हिरवा रंग ऊन पकडतो आणि त्या शक्तीवर रोप साखर तयार करतं. हे काम राईस मिलसारखं आहे. वरून धान पडत राहिलं आणि आतलं यंत्र मंद झालं, तर माल तुंबतो. थंडीनं साखर तयार करण्याचं यंत्र मंदावलेलं असतं, पण ऊन पडतच असतं. वापर न झालेल्या या शक्तीतून पानात ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होतात. ते हिरवा रंग आणि पेशीची आवरणं जाळतात, त्यामुळे पान पिवळं-पांढरं पडतं. भरीस भर म्हणजे थंडीत नवीन हिरवा रंगही नीट तयार होत नाही. म्हणूनच थंडीत निघालेलं कोवळं पान अनेकदा फिकट किंवा पांढुरक्या पट्ट्यांचं असतं.

स्वच्छ आकाशाची कडक थंड रात्र आणि लगेच लख्ख सूर्य, ही जोडी पऱ्ह्यांना म्हणूनच जड जाते.

तीन पानांचा नाजूक काळ

मोड आल्यापासून साधारण तिसरं पान येईपर्यंत रोप दाण्यात साठवलेल्या शिदोरीवर जगतं. ती संपली की मुळं आणि पानं यांच्या भरवशावर त्याला स्वतः कमवावं लागतं. थंडीत मुळंही मंद असतात आणि पानंही. म्हणून शिदोरी संपण्याचा आणि थंडीची लाट येण्याचा काळ एकच आला, तर रोप सगळ्यात जास्त खचतं.

३ टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाकून बियाणं निवडण्याचा सल्ला कृषी विभाग देतो. तरंगणारं पोचट बी काढायचं, तळाला बसलेलं जड बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन वापरायचं. जड दाण्यात शिदोरी जास्त असते, त्यामुळे थंडीत त्याचं रोप जास्त दिवस तग धरतं. थंड जमिनीत कोंब हळू निघतो आणि तेवढ्यात बुरशीला त्याला गाठायची संधी मिळते. म्हणून बुरशीनाशकाची बीजप्रक्रियाही हिवाळी पऱ्ह्यांना टाळू नये.

बी थेट थंड चिखलात न टाकता २४ तास भिजवून, ओल्या पोत्यात बांधून, वर तणस टाकून उबेत मोड आणावेत. पोत्यातली ऊब बियाचा सगळ्यात कठीण टप्पा पार करून देते.

काही वाणं थंडी कशी सोसतात?

धानाचे दोन मोठे गट आहेत. पहिला इंडिका, उष्ण भागातला. विदर्भात उन्हाळ्यात सर्रास लावलं जाणारं एमटीयू-१०१० याच गटातलं. दुसरा जपोनिका, जो जपान, कोरिया, उत्तर चीन अशा थंड भागांत पिकतो. आपल्या देशात काश्मीर खोऱ्याच्या उंचावरच्या भागातही या गटातली वाणं लावली जातात. जपोनिकाची रोपं इंडिकापेक्षा जास्त थंडी सोसतात.

ते कसं, याचा एक धागा चीनच्या शास्त्रज्ञांना सापडला. २०१५ मध्ये त्यांनी 'कोल्ड-१' नावाच्या जनुकाबद्दलचं संशोधन 'सेल' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध केलं. हे जनुक पेशीच्या आवरणावर बसणारं एक प्रथिन तयार करतं. थंडी पडली की ते पहारेकऱ्यासारखं काम करतं आणि पेशीत कॅल्शियम शिरण्याचा मार्ग मोकळा करायला मदत करतं. हे आत शिरलेलं कॅल्शियम म्हणजेच धोक्याची घंटा. ती वाजली की बचावाचं काम करणारी इतर जनुकं जागी होतात. पेशीत साखर आणि प्रोलिनसारखी संरक्षक द्रव्यं वाढतात, घातक ऑक्सिजन निकामी करणारी विकरं तयार होतात.

जपोनिका आणि इंडिका यांच्या या जनुकात एका अक्षराएवढा फरक आहे, पण तेवढ्यानं पहारेकरी किती चपळ राहणार ते बदलतं. जपोनिकातलं हे रूप चीनमधल्या जंगली धानातून आलं, असंही त्या संशोधनात दिसलं.

थंडी सोसणं काही एकाच जनुकावर अवलंबून नाही, अनेक जनुकं मिळून ते काम करतात. त्यामुळे 'थंडीत काहीच होत नाही' असं सांगून कुणी बियाणं विकत असेल, तर सावध राहावं. उन्हाळी हंगामासाठी शिफारस असलेलंच वाण निवडावं. पूर्व विदर्भासाठी सिंदेवाही आणि साकोली इथली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रं, तर कोकणासाठी कर्जतचं भात संशोधन केंद्र याबाबत सल्ला देतात.

पाणी हेच रोपाचं पांघरूण

वाण एकदा निवडलं की हंगामाच्या मधात ते बदलता येत नाही. रोपाभोवतीची ऊब मात्र शेतकऱ्याच्या हातात असते, आणि इथे धानाच्या रोपाची घडण मदतीला येते. लोंबी धरायला सुरुवात होईपर्यंत धानाचा वाढणारा कोंब वर पानांत नसतो. तो खाली बुडख्यात, चिखलाच्या पातळीजवळ असतो. वरचं पान जळलं तरी बुडख्यातला कोंब जिवंत असेल, तर रोप नवीन पान काढतं. म्हणून रात्री जपायचा तो बुडखा.

पाणी हळू तापतं आणि हळूच गार होतं. संध्याकाळी पऱ्ह्यात दोन-तीन बोटं पाणी भरलं, तर पहाटेपर्यंत बुडख्याभोवतीची ऊब टिकून राहते. विहीर किंवा बोअरचं पाणी हिवाळ्यात हाताला कोमट लागतं, कारण जमिनीखालचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. संध्याकाळी देण्यासाठी हेच पाणी उत्तम.

सकाळी रात्रभर गार झालेलं पाणी काढून टाकावं, म्हणजे चिखल उन्हानं लवकर तापतो. दुपारनंतर पुन्हा पाणी द्यावं. पाण्याची टंचाई असेल तर रोज बदलण्याचा हट्ट नको. तेच उथळ पाणी दिवसा उन्हात तापतं आणि रात्री पुन्हा कामी येतं.

कालवा किंवा मामा तलावाचं पाणी पहाटे बरंच गार असतं. ते शक्यतो दुपारी घ्यावं. लांब, उथळ नालीतून फिरवून आणलं तर वाटेत थोडं तापतं. रोपं अगदी लहान असताना ती पूर्ण बुडतील एवढं पाणी मात्र भरू नये, गुदमरून कोंब सडतात.

शेकोटी पेटवून धूर करण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पऱ्ह्यांसाठी तिचा उपयोग फार थोडा. वाऱ्यासोबत धूर निघून जातो आणि जनावरांच्या कामी येणारं तणस जळून जातं.

प्लास्टिक झाकायचं, पण काढायचं विसरायचं नाही

रोपांना झाकून ऊब देण्याची युक्ती जुनी आहे. जपानच्या नागानो प्रांतात करुइझावा नावाचा थंड डोंगरी भाग आहे. तिथे १९४० च्या दशकात तेल लावलेला कागद रोपवाटिकेवर झाकून धानाची रोपं वाढवण्याची पद्धत तयार झाली. पुढे कागदाची जागा प्लास्टिकनं घेतली. आज बंगाल आणि बांगलादेशातल्या बोरो धानाच्या, म्हणजे हिवाळ्यात पऱ्हे टाकून उन्हाळ्यात कापल्या जाणाऱ्या धानाच्या रोपवाटिकेतही पारदर्शक प्लास्टिक वापरतात. सकाळी दोरी किंवा बांबू फिरवून पानांवरचं दव झाडण्याची रीतही तिथे आहे.

एका एकराच्या रोवणीला साधारण चार गुंठे पऱ्हे लागतात. एवढी जागा झाकणं अगदीच आवाक्याबाहेरचं नाही. बांबूच्या कामट्या वाकवून वर पारदर्शक प्लास्टिक ताणावं, पानांना टेकू देऊ नये. संध्याकाळी ऊन उतरण्याआधी झाकलं तर दिवसभराची ऊब आत राहते. सकाळी ऊन चढलं की ते उघडावंच. आपल्याकडे हिवाळ्यातली दुपारही २७-२८ अंशांची असते. बंद प्लास्टिकखाली ती भट्टी होते आणि थंडीतून वाचलेलं रोप उष्णतेनं जातं. दिवसभर ढगाळ आणि बोचरी थंडी असेल, तेव्हाच झाकण दिवसा ठेवावं. तेही दोन्ही टोकं थोडी मोकळी सोडून.

प्लास्टिक नसेल तर गादीवाफ्यावर चांगलं कुजलेलं शेणखत आणि राखेचा पातळ थर द्यावा. काळा थर ऊन जास्त शोषतो, जमीन लवकर तापते.

पिवळेपणावर युरिया हे औषध नाही

पऱ्हे पिवळे म्हणजे नत्र कमी, हे समीकरण पावसाळ्यात अनेकदा बरोबर ठरतं. थंडीत तसं नसतं. मुळंच खात नसतील तर वरून टाकलेलं खत कशाला? युरियाचा बराचसा भाग वाया जातो. थोडा लागू पडला तरी रोप लुसलुशीत होतं आणि पुढची थंडी त्याला जास्त बाधते. लाट ओसरू द्यावी, नवीन पान हिरवं येतं का ते पाहावं आणि मग गरज असेल तरच हलकी मात्रा द्यावी. स्फुरद मात्र पऱ्हे टाकतानाच जमिनीत मिसळलेलं असावं, कारण थंड जमिनीत ते मुळांना कमी मिळतं.

पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके दिसत असतील तर जस्ताची कमतरता असू शकते. थंड, ओल्या जमिनीत ती जास्त दिसते. त्यासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना गाळून मिसळून फवारणी केली जाते. चुना टाळून नुसतं झिंक सल्फेट फवारलं तर कोवळी पानं भाजू शकतात. फवारणीआधी कृषी सहायकाला रोप दाखवलेलं बरं.

मेले की जगतील? अशी करा तपासणी

थंडी कमी झाल्यावर तीन-चार दिवस थांबावं. मग पऱ्ह्याच्या चार कोपऱ्यांतून आणि मधातून मूठ-मूठ रोपं मातीसकट उपटून धुवावीत.

- बुडखा पांढरा-हिरवा आणि टणक आहे, आतलं नवीन पान हिरवट आहे, पांढरी मुळं फुटत आहेत: रोप जिवंत आहे, सावरेल.
- बुडखा पांढरा आहे पण नवीन मुळं नाहीत: आणखी तीन-चार दिवस वाट पाहावी, संध्याकाळचं पाणी चालू ठेवावं.
- बुडखा मऊ, तपकिरी, वास येणारा आहे, मधलं पान ओढताच हातात येतं: ते रोप गेलं.

उपटलेल्या रोपांत जिवंत किती, हे मोजून मगच निर्णय घ्यावा. थोडे कमी पडत असतील तर सगळं मोडण्यापेक्षा शेजाऱ्याकडचे उरलेले पऱ्हे, किंवा कमी जागेत नवीन पऱ्हे, असा मार्ग निघू शकतो.

दुबार पऱ्ह्यांचा खरा खर्च एप्रिलमध्ये कळतो

पऱ्हे मोडून नव्यानं टाकले तर बियाणं, चिखलणी, मजुरी हा खर्च डोळ्यांना दिसतो. न दिसणारा खर्च दिवसांचा. डिसेंबरच्या मध्यात टाकलेल्या पऱ्ह्यांचं धान साधारण मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलोऱ्यावर येतं. तेच महिनाभर लांबलं तर फुलोरा एप्रिलच्या उत्तरार्धात जातो, आणि तेव्हा विदर्भात पारा ४० च्या पुढे असतो. धानाचं फूल सकाळीच उघडतं, त्यामुळे थोडा बचाव होतो. तरीही फुलोऱ्यात ३५ अंशांच्या पुढे परागकण निकामी होऊ लागतात आणि लोंबीत पोचट दाणे वाढतात. वरून कालव्याची शेवटची पाळी चुकण्याची आणि कापणीत अवकाळी पाऊस गाठण्याची भीती वेगळीच.

उलट, घाईनं थंडीतच रोवणी उरकणंही महागात पडतं. नवीन मुळं फुटायला सरासरी १६ अंश तरी लागतात. लाटेच्या मधात रोवलेलं रोप बांधीत आठ-दहा दिवस तसंच उभं राहतं. चार-पाच पानांचं रोप झालं आणि रात्रीचा पारा वर सरकू लागला की रोवणी करावी.

मोबाईलवर लक्षात ठेवण्यासारखं

- पऱ्हे टाकण्याआधी आणि रोवणीआधी पुढच्या पाच दिवसांचा हवामान अंदाज पाहा. हवामान विभागाच्या 'मेघदूत' अ‍ॅपवर जिल्ह्यानुसार अंदाज आणि पीक सल्ला मराठीत मिळतो.
- जड बी निवडा, बीजप्रक्रिया करा, उबेत मोड आणून मगच पेरा.
- संध्याकाळी विहीर-बोअरचं पाणी भरा, सकाळी गार पाणी काढा.
- प्लास्टिक संध्याकाळी झाका, ऊन चढताच काढा.
- थंडी चालू असताना युरिया टाकू नका.
- मोडण्याआधी उपटून बुडखा पाहा.

पिवळ्या पऱ्ह्यांचे फोटो काढून ठेवावेत. एक पूर्ण वाफ्याचा आणि एक उपटून धुतलेल्या रोपाच्या बुडख्याचा, असे दोन फोटो कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला पाठवले, तर सल्ला लवकर आणि नेमका मिळतो. नुसत्या पिवळ्या पानाच्या फोटोवरून थंडी, जस्त की बुरशी, हे ओळखणं जाणकारालाही अवघड जातं.